प्रकल्पाला डावा कौल

रत्नागिरीला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. आंबे आणले का, आणि समुद्र कसा असतो. आंबे आणले नाहीत, कारण आम्ही गेलो तेव्हा झाडांना नुसता मोहोर होता, आणि मोहोर तोडून पिशवीत घातला तर बागवाला काठी घेऊन मागे लागतो. समुद्राचं पुढे सांगते. पण मी ना आंब्यासाठी गेले होते ना समुद्रासाठी. मी गेले होते आंतरराष्ट्रीय संशोधनाला. हसू नका. माझी शाळा सातवीत सुटली हे खरं आहे, पण संशोधनालाही दोन वेळा जेवायला लागतं, आणि ते रांधायला कोणीतरी लागतं.

अनुराधा मॅडम पुण्यात एका संस्थेत लोकसाहित्य शिकवतात. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करत होते आणि त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहत होते. हिंगोलीकडचं आमचं गाव सोडून आले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी आणि भावाचा राग एवढंच होतं. मॅडमनी एका शब्दाने काही न विचारता ती खोली उघडून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणून पुढे त्यांच्याबद्दल जे काही लिहीन ते उपकारासकट वाचावं.

त्यांचा प्रकल्प होता पोर्तुगालच्या एका विद्यापीठाबरोबर, आणि विषय होता गाऱ्हाणं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. कोकणात ते देवासमोर घालतात. गावचा गुरव देवळात उभा राहून खड्या आवाजात सांगतो, देवा, अमक्या गावच्या अमक्याचं हे मागणं आहे, ते पुरं कर. मागे उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. आमच्याकडे देवाशी आपण डोळे मिटून गुपचूप बोलतो. शेजारणीला कळता कामा नये काय मागितलं ते. इथे उलटं. तुमचं मागणं आधी सगळ्या गावाच्या कानावर जातं, मग देवाच्या.

असं गाऱ्हाणं ध्वनिमुद्रित करायचं, दोन देशांच्या विद्वानांनी त्याचा अभ्यास करायचा, आणि ते जमलं की मॅडमनी वर्षभर पोर्तुगालला जाऊन पुस्तक लिहायचं, असं ठरलं होतं. म्हणजे भाड्याचं घर सोडायचं. म्हणजे माझी खोलीही.

संस्थेच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकाची जागा रिकामी होती, राहायच्या सोयीसकट. माणूस निवडायचा मॅडमच्याच हातात होता. मी चारदा विचारलं. त्या चारदा ‘पाहू’ म्हणाल्या. शिकलेल्या माणसांचं ‘पाहू’ कुठल्या दिशेने पाहतं हे मला अजून उमगलेलं नाही. तिकडे भाऊ फोनवर म्हणत होता, ये परत, इथे तुला काय कमी आहे. काय कमी आहे ते वहिनीने पहिल्याच दिवशी दाखवलं असतं.

अशी मी, जमलं तरी काळजी, नाही जमलं तरी काळजी, डिकीत ज्वारीच्या पिठाचा डबा घालून कोकणात निघाले.

घाट आणि चिपळूण

गाडी मॅडमनीच चालवली. पुढे त्यांच्या शेजारी पोर्तुगालहून आलेल्या तेरेझाबाई. या बाई मराठी शिकलेल्या, आणि तेही पुस्तकातून, त्यामुळे त्यांचं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ. मागे वळून मला म्हणाल्या, “कांताताई, आपणास वळणांचा त्रास होत असल्यास मी आसन बदलण्यास तयार आहे.” मला त्रास होतच होता, पण इतक्या शुद्ध भाषेला उत्तर देताना ओकारी कशी काढायची, म्हणून मी ती घाट उतरेपर्यंत आवरून धरली.

चिपळूणला चहाला थांबलो. दुकानदाराने सगळा किमती माल वरच्या फळ्यांवर रचला होता, खाली नुसत्या बादल्या आणि खराटे. मी विचारलं, उंदीर फार आहेत का. तो म्हणाला, “नाय ताई, नदी येते.” पाहुणी येते म्हणावं तशा सुरात. आमच्याकडे नदी बोलावूनही येत नाही. मी चहाचे पैसे देईपर्यंत या गोष्टीचा विचार करत राहिले.

पुढे गाडीत दोघी प्रकल्पाबद्दल इंग्रजीत बोलत होत्या. मला इंग्रजी येत नाही, पण थँक्यू कळतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय हे मला त्या रस्त्यात समजलं. दोघींनी एकमेकींना सारखं थँक्यू म्हणायचं, आणि गाडी थांबली की एकीने डावीकडे आणि दुसरीने उजवीकडे जाऊन सुस्कारा सोडायचा.

सुलभावहिनींची पडवी

गाव रत्नागिरीपासून आत, सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, तव्यासारखं सपाट. त्याच दगडाचे चिरे कापून घरं बांधतात. आमची काळी जमीन पायाला चिकटते, ही लाल जमीन कपड्यांना. माझं पांढरं लुगडं तिसऱ्या दिवशी गुलाबी झालं आणि तेच बरं दिसायला लागलं.

आम्ही उतरलो सुलभावहिनींकडे. नवरा मुंबईला कामाला, मुलगाही मुंबईला. घरात वहिनी, सासू, एक गाय, तिचं वासरू आणि कोंबड्या. पहिल्याच दिवशी वहिनींनी माझ्या पुढ्यात बांगडे माशांची टोपली ठेवली. तू स्वयंपाकीण ना, मग घे.

मी उभं आयुष्य डोंगराआड काढलेलं. मासा मी चित्रात बघितला होता, आणि चित्रातला मासा माझ्याकडे असा टक लावून बघत नव्हता. हात पुढे होईना. परदेशी बाईच्या जेवणासाठी म्हणून मला आणलं होतं, आणि मी पहिल्याच टोपलीला अडले. आता मॅडम म्हणणार, हिला कशाला आणलं.

तेवढ्यात तेरेझाबाई मागून आल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि विळीवर बसल्या. भराभरा बांगडे साफ करायला लागल्या. कल्ले, पोटातली घाण, सगळं. म्हणाल्या, “माझ्या आईचे गाव समुद्रकाठी आहे. आम्ही भात आणि मासे खातो.”

वहिनी बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ही तं आमच्यातलीच निघाली. तू कुठची गो परदेशी?”

“हिंगोलीकडची.”

“तिकडं मासं नाय?”

“नाही.”

“मंग जगताव कशावर?”

मी म्हणलं, ज्वारीवर. त्यावर आतून सासूबाईंचा आवाज आला, “गुरांना घालतात ती?” माझ्या आईबापाला, आज्याला, सगळ्या शिवाराला एका वाक्यात गोठ्यात नेऊन बांधलं. पण दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापून ठेच्याबरोबर वाढली, तेव्हा म्हातारी दीड भाकरी खाऊन म्हणाली, गुरं शहाणी असतात. तेरेझाबाईंनी ठेच्याचा मोठा घास घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या तरी म्हणाल्या, “अत्यंत रोचक.” त्यांना सोलकढी पाजावी लागली. सोलकढी मला आवडली. कोकणातल्या लोकांनी केलेल्या सगळ्या गोष्टींत तीच एक अशी आहे जिच्यावर कोणी वाद घालत नाही.

मिरजोळे आणि गणपतीपुळे

ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा स्टँड पोर्तुगालहून आला होता, काडीसारखा हलका. वासराने त्याच्यात पाय अडकवला आणि एक पाय मोडला. स्टँडचा. सगळ्या युरोपचं नुकसान झाल्यासारख्या दोघी त्या तुकड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाल्या, “मिरजोळ्याला कारखाने हायत, तिथं जोडून देतील.”

तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक वेल्डिंगवाले गृहस्थ भेटले. त्यांनी स्टँड उलटासुलटा करून पाहिला.

“कशाला वापरताव हे?”

मॅडम म्हणाल्या, “गाऱ्हाणं रेकॉर्ड करायला.”

“म्हंजे देवासमोर ठेवणार? मंग मजबूत पायजे.”

त्यांनी पातळ पाय काढून टाकला आणि खिडकीच्या ग्रिलचा गज बसवला. स्टँड आता असा झाला की वासराचं सगळं खानदान आलं असतं तरी हलला नसता. फक्त तो उचलायला दोन माणसं लागायला लागली. ती दोन माणसं म्हणजे मी आणि तेरेझाबाई. आमच्यात मैत्री झाली ती त्या गजामुळे. जड वस्तूची दोन टोकं धरून चालताना फार थँक्यू म्हणत बसता येत नाही.

गाव कधी जमणार याचा निरोप यायचा होता, म्हणून मधल्या दिवशी गणपतीपुळ्याला गेलो. आता समुद्र. समुद्र म्हणजे आमच्या शिवारासारखाच, टोकापर्यंत काहीच नाही. फरक इतकाच की हे शिवार उठून अंगावर येतं. मी चपला हातात घेऊन उभी राहिले, पायाखालची वाळू सरकली तशी ओरडले, आणि शेजारी फोटो काढणाऱ्या नव्या जोडप्याच्या फोटोत कायमची गेले.

मॅडम देवळात आल्या नाहीत. त्या म्हणतात देवाचा अभ्यास करणाऱ्याने अंतर ठेवावं. मी रांगेत उभी राहिले. आमच्या पद्धतीने, डोळे मिटून, गुपचूप मागितलं: मॅडमचं काम होऊ दे. लगेच दुसरं मागितलं: माझं राहतं ठिकाण जाऊ देऊ नको. बाहेर आल्यावर लक्षात आलं की या दोन मागण्या एकमेकींच्या वेण्या ओढतायत. गणपतीने कोणाचं ऐकायचं. मी प्रसादाचा लाडू दोघींना दिला.

पडवीतली सभा

गाव जमलं संध्याकाळी, वहिनींच्या पडवीत आणि अंगणात. गुरव आबा पुढे. सगळी नोकरी मुंबईला करून आता गावी आलेले, आवाज असा की ते नुसतं ‘बसा’ म्हणाले तरी लोक उठून उभे राहावेत.

तेरेझाबाईंनी विद्यापीठाचा नियम मराठीत वाचून दाखवला. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला एकट्याला बाजूला नेऊन परवानगी विचारायची. त्याचं नाव गुप्त राहील. त्याला केव्हाही, कारण न देता, माघार घेता येईल. आवाज पोर्तुगालच्या संग्रहात कायम जतन होईल.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “नाव कशाला लपवायचं? मी काय चोरी केलेय?”

“आपल्या संरक्षणासाठी,” बाई म्हणाल्या.

“कोणापासून?”

बाईंनी कागदावर बोट फिरवलं. नियमात ते लिहिलेलं नव्हतं. मागून एक बाई म्हणाली, “नाव नाय सांगितलं तं देवाला कळायचं कसं कोणाचं काम हाय? दुसऱ्याचंच व्हायचं.”

आबा पुढे म्हणाले, “आणि एकट्याला का विचारताव? गाऱ्हाणं एकट्याचं नाय. मी बोलतो, पण व्हय म्हाराजा गाव म्हणतंय. गावाला विचारा.”

मॅडम म्हणाल्या, “मग गावाची परवानगी आहे का?”

“ती गाव देवाला विचारून सांगणार. उद्या कौल लावू.”

मॅडमनी मला नंतर समजावलं ते मी इथे सांगते. देवाच्या पाषाणाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. मग प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

तेरेझाबाई एकदम खूश. म्हणाल्या, “आमच्या विद्यापीठातही नीतिसमिती आहे. तिची अनुमती मिळण्यास एक वर्ष लागले.”

“आमचा अर्ध्या तासात सांगतो,” आबा म्हणाले.

देवळात

सकाळी आम्ही दोघींनी तो गजाचा स्टँड देवळापर्यंत वाहून नेला, त्यावर यंत्र बसवलं आणि ते बंदच ठेवलं. परवानगीआधी चालू करायचं नाही, हा बाईंचा नियम. देऊळ साधं, लाकडी खांबांचं, आत गार. मॅडम खांबाला टेकून उभ्या होत्या, पण हाताची बोटं एकमेकांत अडकलेली. वर्षानुवर्षांची मेहनत त्या दोन पाकळ्यांना चिकटलेली होती.

आबांनी विचारलं, “बा देवा, ही माणसं गावचं गाऱ्हाणं भरून परदेशाला नेऊ म्हणतायत. न्यावं काय? काय ते साफ सांग.”

आम्ही पाहत राहिलो. डावी पाकळी सुटली, पाषाणावरून घसरली आणि खाली पडली.

मला वाटलं, देवाने माझं ऐकलं. मॅडम कुठे जात नाहीत, खोली राहिली. दुसऱ्याच क्षणी मॅडमचं तोंड दिसलं. उतरलेल्या भाकरीसारखं झालं होतं ते तोंड.

तेरेझाबाईंनी पुढे येऊन हात जोडले. “आम्ही आपल्या नकाराचा पूर्ण आदर करतो. आम्ही आजच परत जातो.” आणि खरोखर वायर गुंडाळायला लागल्या.

मॅडम त्यांच्या कानाशी लागल्या. इंग्रजीतच, पण या वेळी थँक्यू नव्हतं. पाकळीच्या नकाराला नकार धरायचा नाही, लोकांना वेगळं विचारू, असं काहीतरी. तेरेझाबाई मराठीतच म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून, “नाही म्हणजे नाही, अनुराधा. ही तर संशोधनाची पहिली पायरी आहे.”

आता गाव चक्रावलं. वहिनी मला म्हणाल्या, “रागावली काय ती?”

“नाही, मान देऊन चालली.”

“मान देऊन कोण जातं? मान द्यायचा तं बसायचं. इतक्या लांबून आली आणि देव एकदा नाय म्हणाला तं निघाली. देवाला काय वाटंल?”

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आमची सोयरीक सात वेळा डावी आली होती.”

“मग?” तेरेझाबाईंनी वायर हातात धरूनच विचारलं.

“मंग काय, हीच की घरात बसलेली.” शेजारच्या आजीने त्यांच्या पाठीत कोपर मारलं.

आबा खाली बसले, आणि ते बसले म्हणून सगळे बसले. “बाय, देव काय तलाठी हाय काय, एकदा परत पाठवलं की संपलं? तो ह्या प्रश्नाला नाय बोलला. तुमी प्रश्न काय घातलाव, गावचं गाऱ्हाणं नेऊ काय. गावचं तो कसं देईल? आमच्या पोरांचं, आमच्या गुरांचं, आमच्या भाताचं मागणं हाय त्यात. ते तुमच्या कपाटात ठेवून आमाला काय? दुसरं विचारा.”

“दुसरे काय विचारावे?”

मग तिथे जी चर्चा झाली ती मी विसरणार नाही. सगळे एकदम बोलत होते. कोणी म्हणालं यंत्र गावातच ठेवा, कोणी म्हणालं अर्धंच न्या, एक आजी म्हणाली बाईलाच ठेवून घ्या, मासे चांगले साफ करते. तेरेझाबाई प्रत्येकाचं ऐकून मान हलवत होत्या, मॅडम प्रत्येकाला मध्येच तोडत होत्या. शेवटी आबांनी बोट वर केलं.

“गाऱ्हाणं ज्याचं मागणं त्याचं असतंय. तुमी तुमचं मागणं घेऊन या. मी घालतो, गाव साथ देईल. ते तुमचं. मंग न्या कुठं न्यायचं तिथं.”

हा प्रश्न लावला. उजवी पाकळी इतक्या लगेच पडली की आबा म्हणाले, “बगा, मघापासून वाट बगत होता.”

मागणं कोणाचं

मॅडमचा चेहरा उजळला. यंत्र चालू झालं, लाल दिवा लागला. आबा उभे राहिले. “हां. कोणाचं मागणं?”

“आमचं,” मॅडम म्हणाल्या. “हे संशोधन पूर्ण व्हावं.”

आबा म्हणाले, “ते मागणं नाय, ते काम. काम तुमी करा. आपल्या हातात नाय ते देवाला सांगायचं.”

मॅडम अवघडल्या. देवाचा अभ्यास करणाऱ्याने अंतर ठेवावं हे त्या स्वतःच म्हणत आल्या होत्या, आता ते अंतर त्यांना ओलांडता येईना. त्यांनी तेरेझाबाईंकडे पाहिलं.

बाईंनी खूप विचार केला. खोटं बोलायचं नाही हाही त्यांचा नियम. म्हणाल्या, “क्षमा करा. मला काही मागायचे नाही. माझ्याकडे सर्व आहे.”

बायकांमध्ये हळहळ उठली. “आय गो, बिचारी,” एक म्हणाली, अगदी मनापासून.

लाल दिवा चालूच होता. दोन देश, दोन विद्यापीठं, वर्षभर बसलेली समिती, मिरजोळ्याचा गज, सगळं तयार, आणि मागायला कोणी नाही. मग वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यामागून सगळ्यांनी. मी नारळ आणि उदबत्तीचं ताट धरून कडेला उभी होते.

“ही का नाय?” वहिनी म्हणाल्या. “ही आल्यापासून कायतरी मागतेच हाय. चुलीजवळ एकटी पुटपुटत असते.”

मला पळून जावंसं वाटलं. मागायचं होतंच की. पण आमच्या पद्धतीने, डोळे मिटून. इथे मॅडमच्या समोर, खड्या आवाजात, मॅडमनी चारदा ‘पाहू’ म्हटलेलं तेच. ज्यांनी निवारा दिला त्यांच्या तोंडावर. मी मॅडमकडे बघितलं. त्यांना वाटलं मी परवानगी मागतेय. त्या म्हणाल्या, “बोल कांता, घाबरू नकोस, काहीही माग. आपल्याला रेकॉर्डिंग मिळालं म्हणजे झालं.”

मी आबांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली, देवाकडे वळले, आणि त्यांचा आवाज देवळात भरला.

“बा देवा, गावच्या राखणदारा, आज ही कांता, हिंगोलीकडची लेक, घाट उतरून तुझ्या पायरीला आलेय.”

“व्हय म्हाराजा.”

“घरदार सोडून लोकांच्या चुलीवर राबतेय, कोणाला उलट शब्द बोलत नाय.”

“व्हय म्हाराजा.” यात सासूबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता, ज्वारीमुळे असेल.

“आता तिची धनीण परदेशाला जाणार, आणि तिचं डोक्यावरचं छप्पर जाणार. पुण्याच्या मोठ्या जागेत रांधायची नोकरी रिकामी हाय. ती हिला मिळू दे. राहायची खोली मिळू दे.”

“व्हय म्हाराजा.”

इतकंच मी सांगितलं होतं. पण गाऱ्हाणं सुरू झालं की ते थांबवायचं कसं हे मला माहीत नव्हतं, आणि आबांना थांबायचं नव्हतं.

“आणि नोकरी ज्यांच्या हातात हाय त्यांच्या तोंडात अडकलेला शब्द मोकळा होऊ दे.”

“व्हय म्हाराजा.”

“जो कोण मधी उभा असंल त्याला बाजूला कर.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जो कोण उद्या सांगतो म्हणत असंल, त्याला आज सांगायची बुद्धी दे.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी तेरेझाबाईंनीही साथ दिली. अंतर ठेवण्याबद्दल त्यांचा नियम नव्हता वाटतं.

मी मॅडमकडे बघितलं नाही. ताटातल्या नारळाकडे बघत राहिले. नारळाला तीन डोळे असतात आणि त्या वेळी तिन्ही माझ्यावर होते.

वहिनींच्या मागीलदारी

दुपारी मी भांडी घासत होते. मॅडम येऊन पायरीवर बसल्या. मी राख जोरात लावायला लागले.

“कांता, तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं मॅडम. चारदा.”

“मी नाही म्हणाले का?”

“नाही. पाहू म्हणालात.”

“मग देवाला कशाला सांगितलंस?”

“तो उजवं-डावं तरी बोलतो मॅडम.”

तोंडातून निघून गेलं. आता जाते नोकरी, आणि खोलीही आजच जाते, असं वाटून माझ्या हातातलं पातेलं निसटून नाल्यात गेलं. मॅडम हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, “मला वाटायचं, तुला गेस्ट हाऊसला पाठवलं आणि मी परत आले, तर मला कोण जेवू घालणार. म्हणून बोलत नव्हते.”

इतक्या शिकलेल्या बाईचं इतकं साधं कारण असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणलं, “मॅडम, गेस्ट हाऊस तुमच्या ऑफिसच्या मागेच आहे. डबा मिळेल.”

त्यांनी तिथेच, कोंबड्यांमध्ये उभं राहून, संस्थेत फोन लावला. वहिनी दाराआडून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर मॅडमना म्हणाल्या, “आता नारळ ठेवून या देवाला. त्याचं काम त्यानं केलंय.” आणि अंतर ठेवणाऱ्या आमच्या मॅडम निमूटपणे नारळ घेऊन गेल्या.

पुण्यात

परत आल्यावर संस्थेत एक बैठक झाली. मी चहा द्यायला गेले होते. या प्रकल्पातून काय शिकलो यावर मॅडम बोलल्या. परस्परविश्वास, स्थानिक सहभाग, असे पुष्कळ मोठे शब्द होते, आणि चुकीचा एकही नव्हता. गजाचा स्टँड कोपऱ्यात उभा होता. तो विमानाने परत न्यायला बाईंच्या विद्यापीठाने नकार दिला आहे. तेवढी एक वस्तू सरहद्द ओलांडणार नाही.

मॅडम पोर्तुगालला गेल्या. आता दोन देशांचे विद्वान मिळून माझ्या नोकरीचा अभ्यास करतायत. आबांचा आवाज कुठे चढतो, गाव कुठे साथ देतं, ‘अडकलेला शब्द’ म्हणजे काय, यावर मोठा निबंध होणार आहे म्हणे. मी गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात आहे. मागे खोली आहे, खिडकी आहे, आतून कडी आहे.

परवा तेरेझाबाईंचा व्हिडिओ फोन आला. मागणं माझं, म्हणून परवानगीही माझीच लागते, आणि ती घ्यायची राहून गेली होती. त्यांनी सगळा नियम पुन्हा वाचला. नाव बदलायचं का? मी म्हणलं, नको, कांताच ठेवा, नाहीतर ही जागा दुसऱ्या कोणाला मिळायची. त्यांनी ते लिहून घेतलं.

“आणि आपण केव्हाही, कोणतेही कारण न देता, माघार घेऊ शकता.”

“घेतली तर काय होतं?”

“तर आम्ही ध्वनिमुद्रण पूर्णपणे पुसून टाकू.”

“बाई, तसलं काही करू नका. माझी कायमची ऑर्डर अजून निघालेली नाही. मी माघार घेतली, आणि ते बघून देवानेही घेतली तर?”

 बाईंनी कागद खालीवर करून बघितला. “कांताताई, हे मी कोणत्या रकान्यात लिहू?”

“ते तुम्ही आणि मॅडम मिळून ठरवा,” मी म्हणलं. “माझं वरण उतू चाललंय.” आणि गॅस बारीक करायला गेले.